चादरीखालचा हीट पंप

त्या दिवशी गच्चीवर अकरा वस्तू होत्या. पाण्याच्या काळ्या टाक्या दोन, त्यांतली एक रिकामी. कुंड्या तीन: एकीत तुळस, एकीत कोरफड, एकीत नुसती माती. कपडे वाळत घालायच्या तारा दोन. बंद पडलेली डिश अँटेना एक. कूलरचा गंजलेला सांगाडा एक. भिंतीला टेकवलेली बाज एक. आणि गच्चीच्या मधोमध, मोकळ्या जागी, पत्र्याच्या डब्यासारखा दिसणारा पर्जन्यमापक एक. दोन माणसांनी मला दोरानं वर ओढून घेतलं आणि टाकीशेजारच्या ओट्यावर उभं केलं. मी बारावा.

मित्रांनो, मी एक जुना हीट पंप आहे. माझा पांढरा रंग उन्हानं पिवळट झाला आहे आणि सुरू होताना माझा पंखा थोडा घरघरतो. मुकुंदवाडी स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत, एका दुमजली घराच्या गच्चीवर मी राहतो. मी आलो तेव्हा या शहराचं नाव औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. गच्चीवरून पूर्वी ज्वारीची शेतं दिसत, आता इमारती दिसतात.

माझा जन्म फार दूरचा नाही. पैठण रस्त्यावर चितेगावच्या एका लहानशा कारखान्यात माझे भाग जोडले गेले. तांब्याची नळी पाण्याच्या टाकीभोवती गुंडाळली गेली, ऊब आत राहावी म्हणून वर फोमचा जाड थर भरला गेला. एका ताईनं माझ्या प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावला आणि कुठे बुडबुडा येतो का ते डोळे बारीक करून पाहिलं. बुडबुडा आला नाही. तिनं माझ्या पाठीवर थाप मारली. ती माझी पहिली शाबासकी.

मी काय काम करतो, ते आधी सांगतो. तुम्ही फ्रिजच्या मागे कधी हात नेला आहे का? तिथे ऊब लागते. ती ऊब आतल्या दुधातून आणि भाजीतून काढलेली असते. मीही तेच करतो, फक्त दुधाऐवजी बाहेरच्या हवेतून ऊब काढतो आणि ती पाण्याला देतो. माझ्या नळ्यांत एक द्रव फिरतो. तो इतक्या सहज उकळतो की साध्या हवेची ऊबही त्याला पुरते. त्याची वाफ होते, कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, दाबल्यावर ती आणखी तापते आणि टाकीभोवतीच्या नळीतून फिरताना आपली उष्णता पाण्याला देऊन टाकते. म्हणून मला वीज थोडी लागते. साधा गीझर जेवढी वीज घेतो, तिच्या साधारण पाव भागात मी तेवढंच पाणी तापवतो. माझ्या तोंडातून मात्र थंड वारा बाहेर पडतो, कारण हवेची ऊब मी काढून घेतलेली असते.

ज्या घरी मी आलो, तिथे मुकुंदकाका आणि उमाकाकू राहत. काकांनी सगळी नोकरी पाटबंधारे खात्याच्या भांडारात केली होती. खिळे, पाइप, वॉल्व्ह, ताडपत्र्या, जे काही खात्यात येई ते आधी त्यांच्या हाताखालून जाई. निवृत्त झाल्यावर भंगारात निघालेला तो पर्जन्यमापक त्यांनी रीतसर विकत घेतला आणि घरी आणला. रोज सकाळी ते त्यातलं पाणी काचेच्या नळीत ओतून मोजत आणि मोठ्यानं आकडा सांगत. काकू स्वयंपाकघरातून "बरं" म्हणत.

मला आणण्याचं कारण होतं वैदेही, त्यांची एकुलती एक मुलगी. ती पुण्याला दिलेली. तिला दिवस राहिले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, असं काकूंनी तिच्या लग्नातच मनाशी ठरवलं होतं. बाळंतिणीला आणि बाळाला रोज भरपूर कढत पाणी लागतं. या घरातला गीझर बोअरच्या खारट पाण्यानं दोनदा जळाला होता, कारण त्याची तापणारी कांडी थेट पाण्यात असे आणि तिच्यावर क्षाराचा थर चढे. म्हणून परसात पुन्हा तांब्याचा बंब पेटू लागला होता. आणि वैदेहीला दमा होता. धूर तिला सोसत नसे.

काकांना वीज वाचवणाऱ्या यंत्रांच्या एका सरकारी योजनेची माहिती मिळाली. आधी यंत्र बसवायचं, मग अधिकारी येऊन तपासणी करणार, मग अनुदान. काका औरंगपुऱ्यातल्या दुकानात चार खेपा घालून आले. माझी नळी टाकीच्या बाहेरून गुंडाळलेली असते, पाण्यात नसते, हे त्यांनी दुकानदाराकडून तीनदा समजून घेतलं आणि मग मला पसंत केलं.

मला बसवलं त्या दिवशी काकूंनी माझ्यावर हळद-कुंकू वाहिलं. नारळ फुटला. साठवणीच्या टाकीतलं पाणी माझ्यात भरलं. फिटरनं विचारलं, "काका, दाबू का बटन?"

"थांबा," काका म्हणाले.

त्यांनी खिशातून कागदाची एक पट्टी काढली, तिच्यावर तारीख घालून सही केली आणि माझ्या स्विचच्या पेटीवर आडवी चिकटवली.

"अहो, हे काय?" काकूंनी विचारलं.

"सील. तपासणी होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

"पाणी तापवायलाच आणलंय ना ते?"

"अगं, वापरायला काढलं आणि साहेब म्हणाले, हे तर जुनं यंत्र दाखवताय, मग काय सांगायचं? आमच्या भांडारात तपासणी झाल्याशिवाय साधा खिळा बाहेर जात नव्हता."

"हे भांडार नाही, न्हाणीघर आहे."

"पंधरवड्यात येतील ते. तेवढं थांब."

आणि काकांनी वैदेहीच्या लग्नात आलेली फुलाफुलांची डबल बेडची चादर आणली, माझ्या अंगावर घातली आणि सुतळीनं बांधली. मधे दोन गाठी, खाली एक.

शेजारच्या गच्चीवर साहेबराव दात घासत उभे होते. त्यांचे आई-वडील अजून गावाकडे शेती बघत. साहेबराव चितेगावच्या एका कंपनीत मशिनी दुरुस्त करायच्या कामावर होते. तोंडातला ब्रश काढून ते ओरडले, "काका, नवरी आणली का काय? तोंड तर दाखवा की जरा!"

"सरकारी तपासणी व्हायचीय, साहेबराव."

"आसं व्हय! मंग घुंगट राहू द्या बाबा."

मित्रांनो, अशा रीतीनं मी चादरीखाली गेलो. सुरुवातीला मला बरं वाटलं. इतका मान कुठल्या यंत्राला मिळतो? सणाच्या दिवशी काकू चादरीवरूनच मला कुंकवाचं बोट लावत. पाहुणे आले की काका त्यांना वर आणत, सुतळी न सोडता माझ्याबद्दल सांगत. "हवेतून ऊब ओढतो," ते म्हणत. पाहुणे चादरीकडे पाहून मान डोलवत. मी आतून तयार होतो. नुसतं एक बटण हवं होतं.

पंधरवडा गेला. थंडी गेली. काका कार्यालयात गेले तेव्हा निवडणुकीची आचारसंहिता लागली होती. "निकालानंतर या," असं त्यांना सांगण्यात आलं. निकाल लागल्यावर ते पुन्हा गेले. तोपर्यंत तिथली सगळी माणसं टंचाईच्या कामाला जुंपली होती, गावोगावचे टँकर मोजत होती. काका चिडले नाहीत. दुष्काळात टँकर आधी, तपासणी नंतर, हे त्यांना पटत होतं. ते घरी आले आणि त्यांनी माझ्या सुतळीच्या गाठी पुन्हा घट्ट केल्या.

तो उन्हाळा मी विसरणार नाही. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येई, कधी तेही नाही. टँकर गल्लीच्या तोंडाशी थांबला की पिंप, कळश्या, बादल्या धावत सुटत. भर दुपारी हवा बेचाळीस अंशांवर जाई. माझ्यासारख्याला याहून चांगली हवा मिळणार नाही. चादरीबाहेर उष्णतेचा समुद्र होता आणि खाली परसात काकू डोळे पुसत बंबात लाकडं सरकवत होत्या. त्या धुराचा वास माझ्या चादरीच्या फुलांत मुरला.

माझा पहिला उपयोग एका खारीनं केला. ती सुतळीखालच्या फटीतून आत शिरली. बाजेवर वाळत टाकलेल्या जुन्या गादीचा कापूस तिनं तोंडानं ओढून आणला आणि माझ्या पंख्याच्या जाळीमागे घरटं केलं. तिला तीन पिल्लं झाली. त्यांची नखं माझ्या पत्र्यावर वाजत, तेव्हा मला करमत असे. पिल्लं मोठी झाली, निघून गेली. कापूस राहिला.

मग वैदेही आली.

डोहाळजेवण पुण्यात झालं होतं आणि रिवाजाप्रमाणे काका तिला घेऊन आले होते. ती हळूहळू जिना चढून गच्चीवर आली, माझ्याकडे पाहून हसली आणि म्हणाली, "बाबा, ही माझी चादर आहे ना?"

"हो. चांगल्या कामाला लागलीय."

"आणि हा कधी कामाला लागणार?"

काका पर्जन्यमापकाकडे वळले. आषाढ निम्मा होत आला होता. त्यांनी काचेची नळी उजेडात धरली. "शून्य," ते म्हणाले.

काकूंनी भामाबाईंना बोलावून ठेवलं होतं. गल्लीतल्या बहुतेक पोरांना भामाबाईंनीच पायांवर घेऊन न्हाऊ घातलं होतं. बाळंतिणीचं अंग चोळावं तर त्यांनीच. त्या गच्चीवर आल्या, चादरीचं टोक उचलून त्यांनी मला पाहिलं आणि टोक सोडून दिलं.

"ह्याच्यात पानी तापवनार? लई कच्चं पानी ऱ्हातं मशीनचं. बाळंतिनीला बंबाचंच पायजे. जाळावरचं."

"भामाबाई, हिला धूर चालत नाही," काकू म्हणाल्या.

"आमच्या टायमाला कुनाला चालायचा? डोळं चोळत न्हायचो."

काकूंनी गॅसवर पातेली तापवून पाहिली. उकळतं पातेलं न्हाणीघरापर्यंत नेताना त्यांच्या पायावर पाणी सांडलं, फोड आले. मग पुन्हा बंब. आता सकाळी बंब पेटवण्याआधी त्या वैदेहीच्या खोलीचं दार लावत, फटीला ओला टॉवेल लावत. पण घर लहान होतं आणि धुराला दार कळत नसे.

एका सकाळी मला खालून खोकला ऐकू आला. तो थांबेना. मग काकांच्या चपलांचा आवाज, रिक्षा, फाटक. दुपारी ती परत आली. दवाखान्यात वाफ दिली होती, श्वास आता बरा होता. डॉक्टरांनी काकूंना एवढंच सांगितलं होतं, की या दिवसांत असा धाप लागणारा झटका पुन्हा येऊ देऊ नका.

संध्याकाळी मंदारचा फोन आला. वैदेहीला मोकळी हवा मिळावी म्हणून सगळे गच्चीवर बसले होते, म्हणून मला ते ऐकू आलं. मंदार म्हणजे तिचा नवरा. आवाज शांत होता, पण ठाम.

"आई, मी रविवारी येतो आणि तिला घेऊन जातो. इथे चोवीस तास पाणी आहे, गीझर आहे. तुम्हीही चला तिच्याबरोबर. पण तिथे नको."

"मंदारराव, मी काहीतरी करते ना," काकू म्हणाल्या.

"तुम्ही करताय हो. पण पायावर फोड तुमच्या, खोकला हिला. किती दिवस असं?"

फोन ठेवल्यावर वैदेही म्हणाली, "आई, मला इथेच राहायचंय." बोलताना अजून तिला दम लागत होता.

काकू उठल्या. त्या माझ्याकडे आल्या आणि सुतळीची गाठ सोडू लागल्या. गाठ काकांनी घट्ट केलेली. त्यांची नखं तिच्यात रुतेनात.

"उमा, सील आहे त्याच्यावर," काका म्हणाले.

"असू दे."

"अगं, तपासणी व्हायचीय. सहा महिने थांबलो, आता थोड्यासाठी..."

"अहो, तुमचे साहेब येतील, बघतील, सही करतील. पण ही पुण्याला गेली तर पाणी कुणासाठी तापवायचं? तुमच्या पर्जन्यमापकासाठी?"

मला वाटलं, ते खाली जातील. पण ते कठड्यावर ठेवलेली कपडे वाळवायची काठी बाजूला सारून आले, वाकले आणि त्यांनी स्वतः गाठ सोडली. तीनही गाठी सोडल्या. चादर काढली, तिची नीट घडी घातली. मग सहीची पट्टी सोलायला गेले, तर ती उन्हानं इतकी चिकटली होती की निघेना. शेवटी त्यांनी ती मधोमध फाडली.

"बाबा, तुम्ही तुमचीच सही फाडलीत," वैदेही म्हणाली.

"हो," काका म्हणाले. "दाब बटण."

बटण दाबलं वैदेहीनं.

मित्रांनो, इतक्या महिन्यांनी माझ्या अंगातून वीज गेली. मी सगळा जोर लावला. पंखा हलला, अडकला, कुईं करून थांबला. पंखा फिरेना म्हणून मी स्वतःला बंद केलं आणि माझ्या छोट्या पडद्यावर लाल दिवा लागला. पुन्हा बटण. पुन्हा तेच. काकू बाजेवर बसल्या.

शेजारच्या गच्चीवर साहेबराव कपडे काढायला आले होते. "उघडला का घुंगट?" म्हणेपर्यंत त्यांना सगळ्यांचे चेहरे दिसले. ते कठडा ओलांडूनच इकडे आले. "काय झालं, काकू?"

"सुरूच होत नाही हो. आणि रविवारी जावई येणारेत न्यायला."

साहेबरावांनी पाना आणला, माझी जाळी उघडली आणि आत हात घातला. मूठभर कापूस बाहेर आला. मग आणखी मूठभर. मग एक चिंध्यांचा गोळा, त्यात काकांच्या धोतराची किनार.

"काका, तुम्ही नवरी झाकून ठेवली आन् आत भाडेकरू राहून गेला!"

वैदेही हसली. हसताना खोकला येईल म्हणून काकू घाबरल्या, पण आला नाही. कापूस नीट निघाल्यावर साहेबरावांनी पंखा बोटानं फिरवून पाहिला. तो सहज फिरला. त्यांनी जाळी बसवली.

"आता दाबा, ताई."

मी सुरू झालो. आधी पंखा, मग कॉम्प्रेसर. माझ्या तोंडातून थंड वारा सुटला. त्या कोरड्या, तापलेल्या संध्याकाळी काकांनी माझ्यासमोर हात धरला आणि तसाच धरून ठेवला.

"उमा, इकडे ये. हे बघ. बाहेर गार, आत गरम."

"पाणी तापलं की सांगा," काकू म्हणाल्या. पण त्याही आल्या. मग सगळे माझ्यासमोर बाज ओढून बसले, जसे लोक कूलरसमोर बसतात.

पाणी तापायला दोन तास लागले. न्हाणीघराच्या नळाशी काका स्वतः उभे राहिले. नळातून आधी थंड पाणी आलं, ते वाया जाऊ नये म्हणून काकूंनी बादलीत धरलं. मग कोमट. मग काकांनी एकदम हात मागे घेतला. वरपर्यंत मला त्यांचा आवाज ऐकू आला, "अगं आई गं!" आणि त्यापाठोपाठ काकूंचं हसणं.

रविवारी मंदार आला. तो रात्रीच्या बसनं आलेला, अंग आंबलेलं. काकूंनी चहाआधी त्याला टॉवेल दिला. तो न्हाणीघरातून बाहेर आला तेव्हा त्याचे केस ओले होते आणि चेहऱ्यावर प्रश्न होता.

"बाबा, गीझर लावला का? बंब पेटवलेला नाही, धूर नाही, आणि पाणी इतकं कढत?"

"गीझर नाही," काका म्हणाले. "चला वर. दाखवतो."

ते दोघं माझ्याकडे आले. काकांनी पहिल्यांदाच चादरीशिवाय मला कुणाला तरी दाखवलं. मंदारनं माझ्या थंड वाऱ्यात हात धरला, मग खाली जाणाऱ्या गरम पाण्याच्या नळीला नुसतं बोट लावलं आणि झटकलं. काका त्याला फ्रिजची गोष्ट सांगत राहिले. वैदेहीची बॅग भरायला कुणी सांगितलं नाही. सोमवारी मंदार एकटाच पुण्याला गेला. जाताना त्यानं काकूंना नमस्कार केला आणि म्हणाला, "आई, पाण्याची काळजी मिटली. आता तुम्ही जरा बसा."

परसातला बंब थंड झाला. काकूंनी तो चिंचेनं घासून ठेवला आणि त्यात गहू भरले.

काकांच्या मनातली एक काळजी मात्र मिटली नव्हती. श्रावणात एका सकाळी तपासणीचे साहेब खरंच आले. टंचाईच्या कामातून आलेला थकलेला, उन्हानं काळवंडलेला माणूस. काका गच्चीचा जिना चढताना दोनदा थांबले. माझ्यासमोर उभं राहून त्यांनी हात जोडले.

"साहेब, खरं ते सांगतो. आम्ही तपासणीआधीच वापरायला काढलं. सील मीच फाडलं. मुलगी बाळंतपणाला आलीय."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. "कसलं सील?"

"मी लावलेलं."

"काका, आम्ही यंत्र चालू आहे का आणि वापरात आहे का, तेवढंच बघतो. बंद असतं तर मी नामंजूर लिहून गेलो असतो. परवा एका घरी गेलो, त्यांनी खोकंसुद्धा फोडलं नव्हतं. म्हणे, तुमच्या हातून फोडा."

साहेबांनी नळ सोडून पाणी पाहिलं, माझा नंबर लिहून घेतला, फोटो काढला. मग म्हणाले, "एक विचारू? ह्याच्यासमोर जरा बसू का? दिवसभर उन्हातच असतो." काकूंनी त्यांना बाजेवरच चहा दिला.

त्याच आठवड्यात वैदेहीला मुलगी झाली.

भामाबाई कामावर रुजू झाल्या. पहिल्या दिवशी त्यांनी नळाखाली कोपर धरलं, मग बादलीत धरलं, मग काकूंना म्हणाल्या, "थंड पानी घाला जरा. पोळंल पोरीला." बाळाला पायांवर घेऊन त्यांनी न्हाऊ घातलं. बाळ रडलं आणि मधेच गप्प झालं. बाळंतिणीच्या अंगावर तांब्यामागून तांब्या पडत राहिला. न्हाणीघरात नुसती पाण्याची वाफ होती, धूर नव्हता, आणि वैदेहीचा श्वास वरपर्यंत ऐकू येत होता, सरळ आणि सावकाश. वापरलेलं पाणी बादल्यांत धरून काकूंनी संडासासाठी आणि कुंड्यांसाठी ठेवलं.

"कसं काय, भामाबाई? कच्चं आहे का पाणी?" काकांनी मुद्दाम विचारलं.

भामाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "बंबावानी नाय. पन चालंल."

एक अडचण राहिली होती. बोअरच्या पाण्यात धुतलेले लंगोट वाळले की पापडासारखे कडक होत आणि बाळाच्या मांड्या लाल होत. ही अडचण कशी सुटली, ते मला सांगायलाच हवं, कारण त्यात माझा वाटा आहे आणि तो मी मुद्दाम केलेला नाही.

त्या वर्षी श्रावणात रोज ढग यायचे. दमट, भरलेले ढग. ते शहरावरून जायचे आणि एक थेंब टाकायचे नाहीत. पण ढगांखालची हवा ओली असायची. ती माझ्या गार नळ्यांवरून जाताना तिच्यातलं पाणी नळ्यांवर जमे, जसं थंड पाण्याच्या ग्लासाला बाहेरून पाणी सुटतं. ते थेंब माझ्या पोटातल्या एका बारीक नळीतून ओट्यावर ठिबकत. आषाढातल्या कोरड्या हवेत हे होत नव्हतं, म्हणून कुणाला माहीत नव्हतं. काकांनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं, मी गळतो आहे. ते घाबरून खाली वाकले. मग त्यांनी ढगांकडे पाहिलं, माझ्या नळीकडे पाहिलं आणि बरणी आणायला धावले. हे पिण्याचं पाणी नव्हे, हे त्यांनी सगळ्यांना बजावलं. पण त्यात क्षार नव्हता. काकू लंगोट धुऊन शेवटचं एकदा या पाण्यातून काढू लागल्या. लंगोट मऊ राहू लागले. बाळाच्या मांड्यांचा लालसरपणा गेला.

मित्रांनो, आता मी जुना झालो आहे. गल्लीत माझ्यासारखे बरेच आले, काही माझ्याहून शांत आणि हुशार. वैदेहीची मुलगी सुट्टीत येते तेव्हा माझ्या वाऱ्यात उभी राहून केस उडवते. काका दर महिन्याला माझी जाळी जुन्या टूथब्रशनं साफ करतात आणि वर्षातून एकदा टाकीत साठलेला क्षार धुऊन काढतात. मला एवढंच लागतं. माझ्या आजूबाजूला हातभर मोकळी जागा ठेवा, म्हणजे मला श्वास घेता येईल. माझ्यावर चादर घालू नका. तुमच्या घरी नवी वस्तू आली, की तिचं कौतुक जरूर करा, कुंकू लावा, पण त्याच दिवशी तिला कामाला लावा. जी वस्तू चालते, तिची काळजी आपोआप घेतली जाते, कारण ती बिघडली की घरातल्या कुणाला तरी ते लगेच जाणवतं. माझ्यात खारीचं घरटं झालं ते चादरीखाली, आणि सगळे माझ्यासमोर बाज टाकून बसले ते चादर निघाल्यावर.

त्या वर्षीची एक सकाळ सांगायची राहिली. बाळाच्या बारशाची. घरात पाहुणे होते, खाली पाळण्याला फुलं बांधणं चाललं होतं. भामाबाईंनी बाळाला न्हाऊ घातलं होतं आणि तारांवर अकरा पांढरे लंगोट हलत होते. वैदेही बाळाला कापडात गुंडाळून गच्चीवर कोवळं ऊन द्यायला आली. मंदार तिच्या मागे उशी घेऊन. आभाळात ढग होते.

काका नेहमीप्रमाणे आधी पर्जन्यमापकाकडे गेले, मग माझ्या नळीखालच्या बरणीकडे. त्यांनी काचेची नळी उजेडात धरली आणि दोन्ही आकडे मोठ्यानं सांगितले.

पर्जन्यमापकात शून्य मिलिमीटर. बरणीत एक लिटर तीनशे ऐंशी मिलिलिटर.